हत्ती ते स्टॉक कार : न थांबणाऱ्या गोष्टींची चित्रं कशी काढावीत

एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाला, मग दहावी, मग इंजिनिअरिंग, आणि पेन्सिल सुटली ती सुटलीच. अशी माणसं इथे नॉर्थ कॅरोलायनात गणपतीचं मखर करायला जमलो की हमखास भेटतात. हात चालतो, नजर आहे, फक्त ‘काढायचं काय?’ इथे गाडं अडतं. फळांची टोपली आणि नारळाच्या झाडामागचा सूर्य किती वेळा काढणार? हा लेख त्यांच्यासाठी.

मी दोनच गोष्टी काढतो, जनावरं आणि शर्यतीच्या गाड्या, त्याही स्टॉक कार, म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या. ऐकणाऱ्याला हे दोन वेगळे छंद वाटतात. माझ्या मते हा एकच छंद आहे. दोन्हीकडे समोरचं मॉडेल तुमच्यासाठी थांबत नाही, पण परत मात्र येतं. आवारातला लांडगा कुंपणाच्या कडेने तीच वाट पुन्हा पुन्हा तुडवतो, शर्यतीतली गाडी अर्ध्या मिनिटात त्याच वळणावर हजर होते. तेव्हा मॉडेलच्या मागे धावायचं नाही. एक जागा, एक ढब निवडायची आणि तिथे ती परत येण्याची वाट बघायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच सवयीसाठी आहेत, आणि क्रमही मुद्दाम ठरवलेला आहे. आधी जनावर, मग गाडी. उलट क्रमाने गेलात तर गाड्या पत्र्याच्या डब्यासारख्या येतात.

सामान

हौशी माणूस सगळ्यात जास्त पैसे इथे घालवतो आणि सगळ्यात कमी गरज इथेच असते. तळहाताएवढी किंवा थोडी मोठी, जाड पुठ्ठ्याची वही घ्या, म्हणजे उभ्याने मांडीवर टेकवून काढता येतं. एक टू-बी आणि एक सिक्स-बी पेन्सिल. साधं बॉलपेन. सावलीसाठी करड्या शाईचं एक ब्रशपेन. झालं. खोडरबर घरी ठेवा. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची आणि शेजारी दुसरी मारायची. दोन रेघांमुळे चित्रात हालचाल दिसते, खोडून खोडून काढलेलं चित्र मात्र गोठतं. बॉलपेन त्यासाठीच चांगलं, हलका दाब दिला तर पेन्सिलीइतकी फिकट रेघ येते आणि खोडायचा मोहच उरत नाही. चारकोल आणू नका. प्राणिसंग्रहालयात घामाने फिसकटतो आणि ट्रॅकवर त्यात टायरच्या रबराची काळी धूळ मिसळते.

पहिली पायरी : झोपलेलं कुत्रं

घरचं किंवा शेजारचं कुत्रं, मांजर झोपलेलं असताना सुरुवात करा. झोपलेलं जनावरही दर काही मिनिटांनी कूस बदलतं, त्यामुळे घाई आपोआप येते. डोळे, नाक, मिशा यांना हात लावायचा नाही. फक्त तीन गोष्टी टिपायच्या : पाठीच्या कण्याची रेघ कुठून कुठे जाते, छातीचा पिंजरा केवढा, आणि वजन जमिनीवर कुठे टेकलंय. कूस बदलली की चित्र अर्धवट सोडून नवं सुरू करा. जनावर पुन्हा जुन्या ढबीत गेलं तर जुन्या चित्राकडे परत या. एका पानावर चार-पाच अर्धवट कुत्री हे उत्तम पान आहे.

शाळेतलं स्मरणचित्र इथे कामाला येतं. अर्धा मिनिट नुसतं बघा, हात खाली. मग मान फिरवा आणि न बघता काढा. पहिल्यांदा जे कागदावर येतं ते बघून हसू येईल, पण डोळा काय गाळतो ते त्यातून लगेच कळतं. बहुतेकांचा मानेचा जोड गळतो. डोकं थेट खांद्यावर बसतं.

दुसरी पायरी : हाडं, पण बेताची

शरीररचनेची जाडजूड पुस्तकं नंतर. आता एकच गोष्ट पक्की करा : कुत्र्याच्या मागच्या पायात जो सांधा उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. कुत्रं-मांजर बोटांवर चालतात, घोडा तर प्रत्येक पायाच्या एकेका बोटाच्या टोकावर. स्वतः टाचा उचलून चवड्यांवर उभं राहून बघा, पायाचा कोन लगेच समजतो. हत्तीचं याच्या उलट, त्याचा मागचा गुडघा खाली असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. म्हणून हत्ती बसताना माणूस बसल्यासारखा दिसतो.

रालेमधल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात प्रवेश फुकट आहे आणि तिथले सांगाडे तासन्‌तास हलत नाहीत. एक दुपार तिथे घालवा. ऑक्टोबरमध्ये रालेलाच राज्याची जत्रा भरते, तिथल्या गोठ्यांत गाई, शेळ्या, मेंढ्या बांधलेल्या असतात, रवंथ करत उभ्या असतात. नवशिक्याला यासारखी जागा नाही. मालकांना आधी विचारा. बहुतेक खूश होतात आणि जनावराची वंशावळही ऐकवतात.

माप घ्यायला एक एकक ठरवा. घोड्याला डोकं हे माप : छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत अंग साधारण अडीच डोकी लांब, खांद्यापाशी उंचीही तेवढीच. हे एककाचं तंत्र लक्षात ठेवा, गाडीला ते जसंच्या तसं लागणार आहे.

तिसरी पायरी : ॲशबरोचा हत्ती

नॉर्थ कॅरोलायना झू ॲशबरोला आहे. प्रचंड पसरलेलं, मोकळ्या आवारांचं. एका दिवसात सगळं बघायला जाऊ नका, चित्रं काढणाऱ्याने तर मुळीच नाही. एक किंवा दोन जनावरं ठरवा आणि तिथेच ठाण मांडा. सकाळी दार उघडताच पोचा. दुपारच्या उन्हात सिंह म्हणजे नुसती पिवळी उशी असते. वही-पेन घेऊन बसायला कुणी हरकत घेत नाही, पण इझल लावायचा असेल तर आधी विचारा.

मराठी माणसाने पहिला दिवस हत्तीला द्यावा, कारण आपला हात इथे हमखास दगा देतो. लहानपणापासून आपण हत्ती काढतो तो गणपतीमुळे, मिरवणुकीमुळे, आणि तो भारतीय हत्ती असतो. कपाळावर दोन उंचवटे, पाठ कमानीसारखी वर आलेली, कान बेताचे, शरीराचा सगळ्यात उंच भाग डोकं. ॲशबरोचा हत्ती आफ्रिकेचा. त्याची पाठ मध्ये खोलगट, खोगीर घालायला केल्यासारखी. कपाळ एकसंध उतरतं. कान एवढा मोठा की खांदा झाकून जातो, आणि वाऱ्यासाठी हलवला की मानेची रेघच दिसेनाशी होते. सोंडेच्या टोकाला भारतीय हत्तीला एक बोट, याला दोन. समोर आफ्रिकी हत्ती उभा असताना हात सवयीने कमानदार पाठ काढतो. आधी फक्त पाठीची रेघ काढा, दहा वेळा, बाकी काही नाही. डोळा हाताच्या सवयीवर मात करायला लागतो तो क्षण इथेच येतो.

न बघता, ऐकून काढलेल्या जनावराचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्या गोव्याशी जोडलेलं आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. जर्मनीत न्यूरेंबर्गला बसलेल्या आल्ब्रेख्त ड्युररने त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांच्या आधारे लाकडावर चित्र कोरलं. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, खांद्यावर एक जादा शिंग. चित्र इतकं देखणं की पुढे कित्येक पिढ्या युरोपात गेंडा तसाच काढला जात होता. ड्युररचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा लाखपटीने तयार होता. कमी पडलं ते फक्त बघणं.

बायसनकडेही जा. त्याच्या खांद्यावरचा डोंगर आपल्या बैलाच्या वशिंडासारखा मऊ नाही, आत मणक्यांची उंच हाडं आहेत. म्हणून तो चालताना डुलत नाही, आणि सावली काढताना कडा कठीण ठेवावी लागते. मान सतत खाली, वजन पुढच्या पायांवर. हे पुढे झुकलेलं वजन नीट टिपा, शर्यतीच्या गाडीत तेच पुन्हा भेटेल.

मधला थांबा : पळणं कसं दिसतं

१८७८ पर्यंत चित्रकार धावता घोडा काढायचे तो पुढचे पाय पुढे, मागचे मागे, चारही हवेत ताणलेले असा. त्या वर्षी कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने एका ओळीत कॅमेरे लावून घोड्याचे फोटो काढले आणि दिसलं की चारही खूर हवेत असतात तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. म्हणजे वेग ताणण्यातच असतो असं नाही, आवळण्यातही असतो. मागे भुर्रकन सुटणाऱ्या रेघा मारून वेग दाखवायचा मोह होतो तेव्हा हे आठवा.

चौथी पायरी : उभी गाडी

ॲशबरोपासून अर्ध्या तासाच्या आत, त्याच रँडॉल्फ काउंटीत, लेव्हल क्रॉस नावाचं गाव आहे. तिथे रिचर्ड पेटीच्या घराण्याचं जुनं वर्कशॉप आता संग्रहालय झालंय. पेटी म्हणजे २०० शर्यती आणि सात अजिंक्यपदं जिंकलेला ड्रायव्हर, त्याची ४३ नंबरची फिकट निळी गाडी इथल्या पोराटोरांना पाठ. सकाळी हत्ती, दुपारी पेटीची गाडी, असा दिवस सहज जमतो.

शार्लटला नासकारचं, म्हणजे स्टॉक कारच्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेचं, हॉल ऑफ फेम आहे. तिथला वळणदार उतार चित्रकारासाठीच बांधलाय असं मला वाटतं : जुन्या गाड्या एकामागून एक उभ्या, आणि त्यांच्याखालची जमीन सपाटीपासून सुरू होऊन ३३ अंशांपर्यंत कलत जाते. ट्रॅकवर कललेली गाडी दोन सेकंद दिसते, इथे ती दिवसभर उभी.

थोडा इतिहास माहीत असू द्या, चित्रात त्याचा उपयोग होतो. नासकार १९४८ साली फ्लोरिडात डेटोना बीचला सुरू झाली आणि शोरूममधल्या गाड्यांची तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ ला शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर झाली. पहिला आलेला ग्लेन डनवे बाद ठरला, कारण त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांशी छेडछाड केलेली होती. चोरटी दारू वाहणारे त्या काळी अशाच स्प्रिंगा बसवत. मग विजय कॅन्ससच्या जिम रोपरच्या लिंकनला मिळाला. त्या गाड्या खरोखर रस्त्यावरच्या होत्या, आजच्या नाहीत. आज वरचं कवच शेव्हरले, फोर्ड किंवा टोयोटाच्या गाडीसारखं दिसतं, पण दार उघडत नाही, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो, आणि हेडलाइट म्हणजे चिकटवलेले स्टिकर. हेडलाइटला काचेची चमक दिलीत की जाणकार लगेच ओळखतो, हा माणूस जवळून गाडी बघून आलेला नाही.

आता माप. घोड्याला डोकं, तसं गाडीला चाक. आजच्या कप गाडीची, म्हणजे नासकारच्या सगळ्यात वरच्या मालिकेतल्या गाडीची, लांबी साधारण सात चाकं, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर चार चाकं, उंची दोन चाकांहून थोडी कमी. नवशिका गाडी उंच काढतो, कारण आपल्या डोक्यात घरची गाडी असते. शर्यतीची गाडी फार बुटकी आणि रुंद आहे, उडी मारायच्या आधी दबलेल्या मांजरासारखी. आणि फोटोवरून काढणार असाल तर सांभाळून : लांबून झूम करून घेतलेल्या फोटोत गाडी आखडते, सात चाकांचं माप मोडतं.

चाक समोरून गोल, तिरकं बघितलं की लंबगोल. वहीची दोन-तीन पानं नुसत्या लंबगोलांनी भरा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा इलाज नाही.

पाचवी पायरी : पहिली शर्यत छोटीच बघा

थेट शार्लट मोटर स्पीडवेवर जाऊ नका. आधी विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे स्टेडियम. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाची सपाट डांबरी पट्टी, १९४९ पासून नासकारच्या शर्यती, उन्हाळ्यात शनिवारी रात्री. गाड्या इतक्या जवळून जातात की ड्रायव्हरचं हेल्मेट दिसतं, आणि ट्रॅक एवढा लहान की कुणी ना कुणी कुणाला ठोकतंच. मग दोघं गाडीतून उतरून हातवारे करतात, प्रेक्षकांत दोन तट पडतात, आरडाओरडा होतो. गाडी तर काढाच, पण ते हातवारे सोडू नका. शार्लटच्या ट्रॅकवर उन्हाळ्यात आठवड्यातल्या संध्याकाळी छोट्या लेजेंड गाड्यांच्या शर्यती होतात, त्याही सरावाला छान.

हे पचलं की मोठा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक. शार्लटचा ट्रॅक दीड मैलाचा, वळणांवर २४ अंशांचा कल. आकडा लहान वाटतो, पण याचा अर्थ एक मीटर आडवं गेलं की जवळजवळ ४५ सेंटिमीटर चढ. डेटोनाच्या ट्रॅकला ३१ अंश, टॅलाडेगाच्या ट्रॅकला ३३. म्हणून गाडीच्या आधी ट्रॅकची तिरकी रेघ काढा, आणि चारही चाकं तिच्यावर बसवा. आधी आडवी गाडी काढून मग खाली उतार सरकवला तर गाडी तरंगते.

बसायची जागा विचार करून घ्या. खालच्या रांगा स्वस्त मिळतात, पण समोर जाळीचं कुंपण येतं, वर बसा. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने चालते, तेव्हा मुख्य स्टँडमधून जवळच्या गाड्या कायम डावीकडून उजवीकडे जातात आणि त्यांची उजवीच बाजू दिसते. डावी बाजू, म्हणजे ड्रायव्हरची खिडकी आणि तिची जाळी, समोरच्या सरळ पट्ट्यावर लांबून दिसते. तुम्हाला पुढून येणारी तिरकी गाडी हवी असेल, आणि ती हवीच, तर डावीकडे चौथ्या वळणाकडे तोंड करून बसा.

कानात बोळे घालाच, लहान मुलांना मोठे हेडफोन. यात हयगय नको. भाड्याने रेडिओ स्कॅनर मिळतो, त्यावर ड्रायव्हर आणि त्याच्या टीममधलं बोलणं ऐकू येतं. गाडी कधी पिटमध्ये, म्हणजे चाकं-पेट्रोलसाठीच्या थांब्यावर, येणार ते आधी कळतं, पेन तयार ठेवता येतं. पिट थांबा दहाएक सेकंदांचा. पाच माणसं भिंतीवरून उडी मारतात, जॅक, चाकं, पेट्रोल, आणि संपलं. या वेळात चेहरे नाहीत, कपडे नाहीत, फक्त पाच कण्यांच्या पाच रेघा. झोपलेल्या कुत्र्यावर केलेला सराव इथे वसूल होतो.

एक वळण निवडा, आणि दर फेरीला फक्त एक गोष्ट बघा. पहिल्या फेरीत कल, दुसरीत चाकांच्या जागा, तिसरीत खिडकीचा काळा आकार, चौथीत जमिनीवरची सावली. शार्लटला फेरी साधारण अर्ध्या मिनिटाची, म्हणजे बघा-काढा-बघा हा ताल आपोआप बसतो. डावीकडे वळताना भार उजव्या बाजूवर येतो, पुढचं उजवं चाक दबतं. तो कोपरा इतरांपेक्षा गडद करा. मागचं चाक बाहेर निसटायला लागलं की ड्रायव्हर ‘लूज’ म्हणतात, तेव्हा गाडीचं नाक आणि तिची वाट यांत किंचित फरक पडतो. हा फरक काढता आला की मागे वेगाच्या रेघा मारायची गरज उरत नाही. चाकाचे आरे काढू नका, करडं धूसर कडं पुरतं. मागची गर्दी आडव्या फटकाऱ्यांत उडवा, गाडी मात्र स्वच्छ ठेवा.

पिवळा झेंडा, म्हणजे वेग कमी करायची खूण, आली की सगळे लघुशंकेला आणि हॉटडॉगला पळतात. तुम्ही बसून राहा. गाड्या हळू, ओळीने, वेग बांधून देणाऱ्या पेस कारच्या मागे येतात. दिवसातला सगळ्यात निवांत वेळ हाच.

रंग आणि नंबर

नंबर हा या चित्रांचा चेहरा. इंटरमिजिएटच्या अक्षरलेखनाचं तंत्र बाहेर काढा, पण नंबर वेगळा चिकटवल्यासारखा काढू नका, तो पत्र्याच्या वळणाबरोबर वळला पाहिजे. २०२२ पासून तो दाराच्या मधोमध नसून पुढच्या चाकाकडे सरकलाय. जुन्या गाडीवर नव्या जागी नंबर काढलात तर चालणार नाही.

सॅम बासची कामं जरूर बघा. शार्लट भागात राहून त्याने आयुष्यभर शर्यतीची चित्रं काढली, स्पीडवेच्या कार्यक्रमपत्रिकांची मुखपृष्ठं केली, आणि १९९२ मध्ये उतरलेली जेफ गॉर्डनची २४ नंबरची इंद्रधनुषी गाडी त्यानेच रंगवायला आखली. २०१९ मध्ये तो गेला. नॅशव्हिलच्या शर्यतीची चषकाऐवजी दिली जाणारी गिटारही तोच रंगवायचा. २००९ साली काइल बुश या ड्रायव्हरने ती जिंकून तिथल्या तिथे जमिनीवर आपटून फोडली, तेव्हा बरेच लोक हळहळले. बासच्या चित्रांत रंग भडक वाटतील, पण सावल्या नीट बघा, कुठेच नुसता काळा नाही.

चित्रं वहीत, भिंतीवर, मित्रांना भेट म्हणून, कशीही वापरा. विकायची झाली तर थांबा. गाडीची रंगसंगती, नंबरची घडण, प्रायोजकांची चिन्हं यांवर हक्क असतात, परवानगी लागते. जनावरांच्या चित्रांना ही कटकट नाही, त्यामुळे मंडळाच्या दिवाळी बाजारात आधी हत्ती न्या.

मोसम फेब्रुवारी ते नोव्हेंबर. मे महिन्यात शार्लटला ६०० मैलांची शर्यत असते, संध्याकाळच्या उजेडात सुरू होऊन रात्रीच्या दिव्यांत संपते. एकाच बैठकीत दोन वेगळे उजेड मिळतात. थंडीत झू बघा, गर्दी कमी असते आणि गारव्यात बरीच जनावरं जास्त हिंडतात. ओव्हलवर जोराचा पाऊस आला की शर्यत थांबते, ट्रॅक वाळवायला बराच वेळ जातो. तेव्हा घरी पळू नका. स्टँडखाली आडोशाला उभी माणसं काढा, भिजलेली, वैतागलेली, हातात नाचोज घेऊन. ती तासभर हलत नाहीत.